रिपोर्टचं शेवटचं पान

मुलाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक पालक पहिल्या पानावरचं निदान वाचतात, मधले आकडे कुणाकडून तरी समजावून घेतात आणि शेवटच्या पानाशी पोचेपर्यंत थकून जातात. मुलाच्या खऱ्या कामाचं असतं ते शेवटचंच पान, आणि नेमकं तेच घाईघाईत लिहिलेलं असतं. ‘ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, विशेष शिक्षण, पालकांचं समुपदेशन, सहा महिन्यांनी पुनर्तपासणी.’ चार वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलीच्या रिपोर्टात याच ओळी, अकरा वर्षांच्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या रिपोर्टातही याच. आठवड्यातून किती वेळा, कोण करणार, घरी काय करायचं, वर्गशिक्षिकेने सोमवारपासून काय बदलायचं, सहा महिन्यांनी काय दिसलं तर उपयोग झाला म्हणायचं, याबद्दल एक अक्षर नसतं.

हे पुस्तक त्या पानाबद्दल आहे, म्हणून मी प्रस्तावना लिहायला होकार दिला. ऑटिझम, एडीएचडी, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता यांची लक्षणं सांगणारी पुस्तकं मराठीत आता बरी आहेत. तपासणी कशासाठी करायची आणि ती झाल्यावर मुलाच्या दिवसात काय फरक पडला पाहिजे, हे धरून बसणारी फार नाहीत. मला विचाराल तर तपासणी चांगली झाली की वाईट, हे दुसऱ्या कशावरही ठरत नाही.

आपल्या घरांत या विषयावर दोन आवाज ऐकू येतात. एक आजीचा: ‘अगं, याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. आता बघ, ऐकत नाही!’ दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरचा: तीन वर्षांच्या आत सगळं केलं नाहीत तर संधी गेली. पहिल्याच्या नादी लागून वर्षं जातात, दुसऱ्याच्या नादी लागून पैसे आणि झोप. आजीचं सगळंच खोटं नसतं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. लवकर आधार मिळाला तर फायदा होतो, हेही खरं. अडचण अशी की दोन्ही आवाज ‘आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नावर भांडतात. दीड-दोन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर नाव काय द्यायचं हे ठरण्याआधीच दोन गोष्टी करता येतात. कान तपासून घ्यायचे, तेही टाळ्या वाजवून नाही, यंत्रावर. आणि मुलाशी खेळण्या-बोलण्याची पद्धत बदलायची. या दोन्हींसाठी निदानाचं प्रमाणपत्र लागत नाही. कानाचा मुद्दा पुस्तकात तीनदा आला आहे आणि संपादकांनी तो एकदाच ठेवावा असा आग्रह धरला नाही, याबद्दल त्यांचे आभार.

ही मुलं किती आहेत? आकडे सांगताना आपण फार सैल असतो. भारतातला भरवशाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पलवल, कांगडा, धेनकनाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा, अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुलं त्यात तपासली गेली. जवळपास १२ टक्के मुलांमध्ये नऊपैकी किमान एक अडचण आढळली. हा १२ टक्क्यांचा आकडा भाषणांत ‘इतकी मुलं ऑटिस्टिक’ असा फिरवला जातो, ते साफ चूक आहे. त्या नऊंमध्ये बहिरेपण, दृष्टिदोष, अपस्मार, सेरेब्रल पाल्सीसारखे हालचालींचे विकारही होते. ठिकाणाठिकाणांमधला फरकही मोठा होता, आणि तो कोरडा आकडा नाही. घरी झालेली बाळंतपणं, जन्मताना गुदमरणं, कमी वजन, वेळेआधी जन्म, मेंदूला झालेला संसर्ग, खुंटलेली वाढ यांच्याशी या अडचणींचा संबंध दिसला. म्हणजे यातला काही भाग चांगल्या प्रसूतिगृहात आणि पोषणात टळणारा आहे. मेंदूंच्या वैविध्याचा उत्सव करताना हे विसरता कामा नये. आणखी एक: अडचण असलेल्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाला एकाहून अधिक अडचणी होत्या. एकच नाव शोधणारी तपासणी इथेच कमी पडते.

आता मोजपट्ट्यांकडे येऊ, कारण इथे मराठी वाचकाला आपल्याच घरचा इतिहास सापडेल. बुद्ध्यांक मोजण्याची बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत वापरली जाते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती १९३०च्या दशकात धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बेतली. दुसरी, तितकीच रुळलेली चाचणी नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांची, १९६९ची. तीही १९४९च्या अमेरिकन चाचणीवर आधारलेली. कामत आणि मालिन यांनी केलेलं काम त्यांच्या काळाच्या मानाने मोठंच होतं. त्यांच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न आपला आहे. अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे सरासरी गुण वाढत गेल्याचं जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. त्यामुळे जुन्या मोजपट्टीवर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो. ज्याला बौद्धिक अक्षमतेचा आधार मिळायला हवा असं मूल ‘सीमारेषेवर’ म्हणून परत पाठवलं जातं.

आणि सीमारेषेवर आपल्याकडे काहीच मिळत नाही. आजवर रूढ असलेल्या निकषांत अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक ८५च्या वर लागतो, बौद्धिक अक्षमतेसाठी ७०च्या खाली. मधल्या पट्टीतली मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना वाचता येत नाही, गणित डोक्यावरून जातं, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांना काहीही झालेलं नाही. ८२ आणि ८६ या आकड्यांत खरोखर किती अंतर आहे? कोणत्याही चांगल्या चाचणीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की आकड्याच्या दोन्ही बाजूंना काही अंकांची चूक गृहीत धरा. तेच मूल, दुसरा दिवस, दुसरा तपासनीस, नीट झालेली झोप, पोटभर नाश्ता, आणि ८२चे ८६ होतात. परीक्षेत लेखनिक मिळणार की नाही हे त्या नाश्त्यावर ठरावं, हे मला कधीच पटलेलं नाही. या मुलांसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सगळ्यात लांब आहे. योग्यच आहे.

ऑटिझमसाठी भारतीय मोजपट्टीत ४० बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण. ४० ते २०० मध्ये कुठे तरी आकडा पडतो आणि ७०च्या पुढे गेला की ऑटिझम धरला जातो. अपंगत्वाचा टक्का काढायला ती उपयोगी आहे, कारण सरकारी खिडकीला टक्का लागतो. पण मूल पंख्याकडे का बघत बसतं, शाळेची बस बदलली की का कोसळतं, कुकरची शिट्टी झाली की कान का झाकतं, हे २०० पैकी किती यातून कळत नाही. त्यासाठी घरी जाऊन बसावं लागतं. एका घरातली मुलगी रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास रडून आकांत करायची. वर्तनाचे तक्ते भरून झाले होते, औषधाचा विषय निघाला होता. घरात बसल्यावर दिसलं की त्या वेळी वरच्या मजल्यावर पाण्याचा पंप सुरू होतो आणि भिंत हलकी थरथरते. पलंग दुसऱ्या खोलीत हलवला. तिचा ऑटिझम गेला नाही, जाणारही नव्हता. संध्याकाळ मात्र सोपी झाली.

महाराष्ट्राला या क्षेत्रात एका गोष्टीचा अभिमान वाटायला हरकत नाही. १९९६ साली राज्य सरकारने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य मानलं जातं. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी उभी राहिली. जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सोपं अंकगणित, अशा त्या सवलती. देशाच्या कायद्यात अध्ययन अक्षमता यायला मात्र २०१६ उजाडावं लागलं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, ऑटिझमही त्यात नव्हता; नव्या कायद्यात २१ आहेत. ‘तारे ज़मीन पर’ २००७चा. म्हणजे सिनेमाच्या आधी दशकभर आपल्याकडे शासन निर्णय होता!

पण सवलतीमुळे एक विचित्र गोष्ट घडली. तपासणीची गर्दी होते नववीत. ज्या मुलाला दुसरीत जोडाक्षरं वाचता येत नव्हती, त्याची फाइल बोर्डाचा फॉर्म भरायच्या वर्षी उघडते. तोपर्यंत सात वर्षं ‘आळशी’, ‘लक्ष नाही’, ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ हे शेरे प्रगतिपुस्तकात साचलेले. प्रमाणपत्राने पेपर सोपा जातो, वाचायला कुणी शिकवत नाही. दुसरीकडे शिक्षकांच्या खोलीत कुजबुज असते की पैसेवाल्यांची मुलं प्रमाणपत्रं काढून आणतात. काही जण काढतही असतील. पण गैरफायद्याची चर्चा जितकी होते, तिच्या दहाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नंदुरबार-गडचिरोलीतल्या ज्या मुलापर्यंत तपासणीच पोचली नाही, त्याची होत नाही. पावरी, गोंडी, कोरकू किंवा कातकरी बोलणारं मूल शाळेत मराठी वाचताना अडखळतं, तेव्हा ती अध्ययन अक्षमता आहे, की शिकण्याची भाषाच त्याला नवी आहे? शहरात हाच प्रश्न दुसऱ्या वेषात येतो: घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि इंग्रजीच्या चाचणीवर काढलेलं डिस्लेक्सियाचं निदान. दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय अध्ययन अक्षमतेचं नाव घेऊ नये, असं या पुस्तकात बजावून सांगितलं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी २०१५ साली ‘डाली’ ही तपासणी-साधनं आणली, त्यामुळे आता हे जमत नाही असंही म्हणता येत नाही.

मराठी वाचनाच्या अडचणी इंग्रजीच्या साच्यात बसत नाहीत. इंग्रजीत मूल ‘बी’ आणि ‘डी’ची उलटापालट करतं, म्हणून आपल्याकडचे शिक्षकही आधी तेच शोधतात. वही उघडून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार मात्र अक्षरानंतर. ‘कि’ लिहिताना मुलाचा हात आणि कान उलट दिशांनी चालतात. रफार अक्षराच्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांत फरक करताना मूल थांबतं, पुसतं, पुन्हा लिहितं, आणि ‘सूर्य’चा ‘सूय’ करून पुढे जातं. बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी होतात, त्यामुळे सगळ्याच मुलांना त्या अंगवळणी पडायला चार-पाच वर्षं लागतात. ज्याला खरी अडचण असते ते मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, पण अक्षर अक्षर सोडवत, इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जातं. बाई ऐकतात आणि म्हणतात, येतंय की! वेग मोजायचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि ऱ्हस्व-दीर्घावरून निदान करायचं म्हटलं, तर मराठीतल्या निम्म्या लेखकांना प्रमाणपत्रं वाटावी लागतील.

चंचल मुलांच्या बाबतीत एक साधी गोष्ट तपासायची राहून जाते: जन्मतारीख. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या आणि तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त, मुलींना ७० टक्के जास्त. वर्गातलं सगळ्यात लहान मूल शेजारच्यापेक्षा वर्षभराने लहान असतं. सहाव्या वर्षी हा फरक थोडाथोडका नसतो. म्हणून एडीएचडी थोतांड आहे असं कुणी काढू नये. योग्य मुलाला औषधाने किती फरक पडतो ते ज्यांनी पाहिलंय, ते असं म्हणणार नाहीत. फक्त पहिलीतल्या मुलाच्या फॉर्मवर ‘शिक्षकांची तक्रार’ या रकान्याशेजारी ‘वर्गातील वयाचा क्रम’ असाही रकाना हवा.

ऑटिझमचा इतिहास आयांना दोष देण्यात बराच काळ रमला. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यांच्या आई-वडिलांच्या थंडपणाची चर्चा पुढे इतकी वाढली की ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आता तो सिद्धांत कुणी मानत नाही. दोष द्यायची सवय मात्र गेलेली नाही, तिला मोबाइल सापडला आहे. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे निदान ना अमेरिकन वर्गीकरणात आहे, ना जागतिक आरोग्य संघटनेच्या. दोन वर्षांच्या मुलाला तासन्‌तास पडद्यासमोर बसवणं वाईटच. ते बंद केल्यावर काही मुलं झपाट्याने बोलू लागतात हेही दिसतं. पण मोबाइल काढून घेऊन वर्षभर वाट बघत बसलेली, आणि ‘तूच दिलास’ हे रोज ऐकणारी आई हा त्या शब्दाचा सगळ्यात मोठा तोटा आहे. दोषाच्या या बाजारात इलाजही विकले जातात. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं. त्याआधी कितीतरी घरांनी त्यापायी सोनं मोडलं होतं.

या सगळ्याच्या विरुद्ध बाजूने ऑटिस्टिक माणसांचा स्वतःचा आवाज आला. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. त्या दशकातच मेंदूंच्या वैविध्याची कल्पना रुजली. या चळवळीने आम्हा व्यावसायिकांना बरंच शिकवलं. हनुवटी धरून नजरेला नजर द्यायला लावणं, हात हलवणं थांबवायला बक्षिसं देणं, हे आता मी कुणाला सुचवणार नाही. तरीही मला एक हरकत आहे. जे मूल स्वतःचं मनगट चावून रक्त काढतं, ज्याला तहान लागली हेही सांगता येत नाही, त्याच्या आईला ‘हे फक्त वेगळेपण आहे’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. एकाच मुलातल्या काही गोष्टी बदलायच्या नसतात आणि काही बदलाव्याच लागतात. कोणत्या कोणत्या, हे ठरवणं हेच तपासणीचं काम. पुस्तकाच्या लेखकांशी माझं इथे पूर्ण एकमत नाही. ते माझ्यापेक्षा थोडे अधिक स्वीकाराच्या बाजूला झुकतात. वाचकांनी दोन्ही बाजू पाहाव्यात.

आधाराबद्दल बोलताना गोव्याचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. तिथे आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ‘पास’ नावाचा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१६ साली आले. ऑटिस्टिक मुलांच्या पालकांना घरी जाऊन शिकवायला मानसोपचारतज्ज्ञ पाठवले नाहीत, प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते पाठवले. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि दोघांनी मिळून बघायचा: मूल काय करत होतं, तुम्ही केव्हा थांबलात, केव्हा घाई केलीत. पालकांचं मुलाच्या कलाने घेणं वाढलं, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. एका बाबतीत मात्र, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट घटला, आणि संशोधकांनी तेही छापलं. मला या प्रयोगाबद्दल विश्वास वाटतो तो त्या घटलेल्या आकड्यामुळे. ज्या थेरपी सेंटरच्या माहितीपत्रकात सगळेच बाण वर जातात, तिथे पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा.

आणि गोव्यात, रावळपिंडीत जे जमलं ते सांगली-बुलढाण्यात का जमू नये? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, जिल्हा पातळीवर तपासणी केंद्रं आहेत. शोध लागतो. पुढे जायला तालुक्यात कुणी नसतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला यायचं तर मजुरी बुडते. घरी, अंगणवाडीत, वर्गातच जे करता येईल ते आधी, असा या पुस्तकाचा क्रम आहे, तो या वास्तवातून आला आहे. शाळेच्या प्रकरणात त्यांनी फळ्यावरून उतरवून घेण्याबद्दल दोन पानं लिहिली आहेत. फळ्यावर बघायचं, लक्षात ठेवायचं, मान खाली, ओळ शोधायची, लिहायचं, पुन्हा मान वर आणि जागा हरवलेली. ज्याचं अवधान किंवा वाचन कच्चं आहे त्याचा निम्मा तास यात जातो. त्याच्या बाकावर मजकुराची छापील प्रत ठेवली की तो तास परत मिळतो. खर्च एका झेरॉक्सचा.

पुस्तकाच्या शेवटी निरीक्षणाच्या याद्या आहेत. त्यांत गुणांचा रकाना नाही, हे काही वाचकांना खटकेल. रकाना असला की रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात बसून बेरजा होतात आणि सकाळी घरात कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून लेखकांनी तो मुद्दाम काढला. गुण हवे असतील तर तपासणाऱ्याकडे जावंच लागेल. जाताना भरलेली यादी न्या, आणि सोबत मुलाच्या वहीची चार पानं, त्यातली दोन गेल्या वर्षीची, कानाचा रिपोर्ट, प्रसूतीच्या वेळचा डिस्चार्ज कागद किंवा तो हरवला असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, आणि घरातल्या एखाद्या नेहमीच्या संध्याकाळचा, मूल खेळत असतानाचा, पाच मिनिटांचा व्हिडिओ. रिपोर्ट हातात आला की तिथेच शेवटचं पान उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा: कोण, कधी, किती वेळ? उत्तर पेनने त्याच पानावर लिहून मागा.